धर्माची गाय अन् दात का गं नाय? फुकट डीएलसी आणि खेळाडूंचा राग

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत परत मांडतो, चुकलं तर सांगा. तुम्ही तिघं जण. गेम येऊन १४ महिने झाले. ५ महिने खपून एक नवा प्रदेश, ४ बॉस (मोठे शत्रू) आणि एक नवं हत्यार बनवलंत, सगळ्यांना फुकट दिलंत, सोबत बॅलन्सचा, म्हणजे हत्यारांचा आणि शत्रूंचा जोर कमीजास्त करणारा, मोठा पॅच दिलात, आणि ३ दिवसांत स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावरचा रिसेंट रिव्ह्यूजचा शेरा व्हेरी पॉझिटिव्हवरून मिक्स्डवर घसरला. शेवटी वैतागून लिहिलंय की धर्माची गाय अन् दात का गं नाय अशातली ही गत, मग पुढचं डीएलसी (गेम आल्यानंतर वेगळं येणारं जादा सामान) सरळ पैसे लावूनच काढावं का.

वैताग कळतो. मी लहान स्टुडिओंमध्ये ११ वर्षं काम करतोय, पहिली ४ सपोर्टच्या तिकिटांना, म्हणजे खेळाडूंच्या तक्रारींना, उत्तरं देण्यात गेली, मग प्रोड्युसर झालो, म्हणजे आधी दुसऱ्यांच्या वाट्याच्या शिव्या वाचल्या आणि नंतर स्वतःच्या मिळवायला लागलो. एवढ्या काळात ६ फुकट पॅक, म्हणजे अशीच डीएलसी, काढले. ३ लोकांनी डोक्यावर घेतले, एकाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही, आणि २ अंगावर आले. खालचं सगळं मुख्यतः त्या दोघांतून शिकलेलं आहे. तुमचा गेम मी खेळलेलो नाही, सिंगल प्लेयर आहे असं धरून चालतोय. आणि बरंच काही यावर अवलंबून आहे की लाँचच्या वेळी तुम्ही काय काय बोलला होतात, तेव्हाचे किती बग अजून शिल्लक आहेत, आणि तुमच्याकडे मॉड (खेळाडूंनीच बनवलेले गेममधले बदल) वापरणारे किती आहेत. ते तुम्हालाच माहीत.

आता ती म्हण. धर्माची गाय म्हणजे दान म्हणून दिलेली, घेणाऱ्याचा एक पैसा न लागलेली. तुमच्या खेळाडूने गाय विकत घेतलीये हो. वर्षभर दूध काढतोय, ती कधी लाथ मारते ते त्याला पाठ आहे. एक दिवस तुम्ही न विचारता गोठ्यात शिरलात, एक गोजिरवाणं वासरू बांधलंत, आणि जाता जाता त्याच्या गायीची शिंगं कापून गेलात. तो वासराबद्दल बोलेल का शिंगांबद्दल? तुम्ही प्रश्नासोबत टाकलेले जे ५-६ रिव्ह्यू आहेत त्यातले ४ जुन्या कुऱ्हाडीचा डॅमेज (घावाचा जोर) कमी केल्याबद्दल आहेत, नव्या प्रदेशाबद्दल त्यात एक ओळ नाही. हे तुम्हीच लिहिलंय पण तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

त्यामुळे फुकट की पेड हे नंतर बघू. आधी हे बघा की तुम्ही जे दिलंत ते खेळाडूच्या डोक्यातल्या खात्यावर कशाखाली जमा झालं. प्रत्येक खेळाडूचं तुमच्या नावाचं एक खातं असतं, तो वही घेऊन बसत नाही पण हिशेब पक्का असतो. जुनी बाकी असली की नवीन जमा आधी तिकडे वळती होते, उरलं तर भेट. बाकी फेडायला दिलेल्या गोष्टीला तुम्ही भेट म्हणालात की माणूस चिडतो, आणि त्याचं चिडणं बरोबर असतं.

याचं मोठं उदाहरण म्हणजे असॅसिन्स क्रीड युनिटी. नोव्हेंबर २०१४ ला आला तेव्हा इतके बग होते की युबिसॉफ्टने सीझन पास, म्हणजे पुढच्या डीएलसीचं आगाऊ तिकीट, विकणं थांबवलं आणि डेड किंग्ज हे डीएलसी जानेवारी २०१५ मध्ये सगळ्यांना फुकट दिलं, ज्यांनी पास आधीच घेतला होता त्यांना वर एक गेम दिला. चांगलं मोठं डीएलसी होतं. पण त्याला दिलदारपणा कुणी म्हणालं नाही, नुकसानभरपाईच म्हणाले. मास इफेक्ट ३ चं पण तेच, मार्च २०१२ मध्ये गेम आला, शेवटावरून रान पेटलं, जूनमध्ये एक्स्टेंडेड कट फुकट आलं ज्यात शेवट बदलला नाही पण बराच उलगडून दाखवला. काहींचं समाधान झालं, काहींचं नाही, मात्र त्याला भेट समजणारा मला तरी भेटला नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण मला सिटीज: स्कायलाइन्स २ चं वाटतं. गेम ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, परफॉर्मन्सची (गेम अडखळत चालण्याची) बोंब होती, आणि ती बोंब चालू असतानाच मार्च २०२४ मध्ये बीच प्रॉपर्टीज नावाचं पेड पॅक काढलं, ज्यात बीचच नव्हते, समुद्रकाठची घरं होती. रिव्ह्यूंनी अक्षरशः चेंदामेंदा केला. एप्रिलमध्ये कंपन्यांनी माफी मागितली, पैसे परत द्यायचं कबूल केलं आणि ते पॅक सगळ्यांना फुकट करून टाकलं. आता बघा, तोच माल, तीच घरं, तेच झाड, मार्चमध्ये पैसे लावून आणि एप्रिलमध्ये फुकट. फुकट झालं म्हणून कुणी आनंदाने उड्या मारल्या नाहीत, फक्त आरडाओरडा थोडा कमी झाला. किंमत शून्य केली तर खातं फार तर शून्यावर येतं.

सायबरपंक २०७७ वाल्यांनी डिसेंबर २०२० च्या त्या बगांनी भरलेल्या लाँचनंतर फुकट डीएलसी देऊ म्हणून सांगितलं होतं, २०२१ च्या सुरुवातीला येणार होतं, आलं ऑगस्टमध्ये १.३ पॅचसोबत, आणि त्यात काय तर जॉनी या पात्राचा वेगळा लूक, दोन जॅकेटं आणि एक गाडी. एखाद्या सुरळीत चाललेल्या गेममध्ये हे कुणी हसत घेतलं असतं. तिथे त्याची टर उडवली गेली, कारण लोक ज्या गोष्टींची वाट बघत होते त्यात जॅकेट नव्हतं. वरातीमागून घोडं, आणि घोडं पण खेळण्यातलं.

आमचाही एक किस्सा सांगतो, नाव नको. आमचा एक पॅच ७ आठवडे लांबला, सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची साठवलेली फाईल) करप्ट होत होत्या, लोक खरंच वैतागले होते. आम्हाला वाटलं काहीतरी देऊया, म्हणून हिरोसाठी एक टोपी बनवली, छान होती, पिसं वगैरे लावलेली, आणि पॅचच्या आधी ४ दिवस ती सॉरी म्हणून सगळ्यांना दिली. आमच्या टेस्टिंगवाल्या पोरीने त्याच दिवशी सांगितलं होतं की आपण लोकांना शब्दशः टोपी घालतोय. आम्ही हसलो. संध्याकाळपर्यंत तिचं बरोबर ठरलं. तीच टोपी पॅचनंतर महिन्याभराने दिली असती तर लोकांनी स्क्रीनशॉट टाकले असते, याची मला आजही खात्री आहे.

म्हणजे बाकी असेल तर आधी बाकी फेडा आणि फेडताना तोंड बंद ठेवा. नो मॅन्स स्कायवाल्यांनी हेच केलं. ऑगस्ट २०१६ च्या लाँचला आधी सांगितलेलं बरंच काही गेममध्ये नव्हतं, त्यावरून शिव्यांचा पाऊस पडत असताना ते काही महिने जवळजवळ गप्प बसले, नोव्हेंबरमध्ये फाउंडेशन अपडेट दिलं, मग पाथफाइंडर, अ‍ॅटलस रायझेस, आणि जुलै २०१८ मध्ये नेक्स्ट, ज्यात लोकांना सुरुवातीपासून हवं असलेलं नीट मल्टिप्लेयर आलं. सगळं फुकट. तरी स्टीमवरचा एकूण शेरा व्हेरी पॉझिटिव्ह व्हायला २०२४ उजाडलं. लोक हे उदाहरण देऊन म्हणतात की बघा, फुकट अपडेट देत राहिलं की सगळं माफ होतं. मला त्यातून उलट दिसतं, ८ वर्षं लागली. आपल्यासारख्या तिघाचौघांच्या टीमकडे ८ वर्षं नसतात, त्यामुळे कर्ज कमीच करा, म्हणजे लाँचला कमी बोला.

दुसरी भानगड संशयाची. तुमच्या बाबतीत ही फारशी लागू नाही, १४ महिन्यांनी आलेलं पॅक आधी कापून ठेवलं होतं असं कुणी म्हणणार नाही, पण पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा. लाँचच्या आधी किंवा लगेच नंतर फुकट डीएलसी जाहीर केलं की लोक विचारतात, मग ते गेममध्येच का नाही घातलं? विचर ३ ने मे २०१५ मध्ये लाँचपासून, सुरुवातीला दर आठवड्याला दोनदोन करत, १६ फुकट डीएलसी दिली, दाढीचे प्रकार, पोशाख, काही छोटी क्वेस्ट (कामगिऱ्या), शेवटचं न्यू गेम प्लस (कमावलेलं सामान घेऊन गेम पुन्हा खेळणं) ऑगस्टमध्ये. त्यांचं आजही कौतुक होतं, आणि तेव्हासुद्धा काही जण म्हणत होतेच की हे तर बेस (मूळ) गेमचेच तुकडे आहेत, रिबीन लावून दिलेत. तरी निभावलं ते दोन कारणांनी. एक म्हणजे गेम स्वतःच इतका भरगच्च होता की काही कापलंय असं वाटायला जागाच नव्हती. दुसरं म्हणजे प्री-ऑर्डर केली असो नसो, सगळ्यांना तेच मिळणार हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तो काळ असा होता की वेगवेगळ्या दुकानांतून प्री-ऑर्डर केली तर वेगवेगळं सामान मिळायचं. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन या गेमने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं तेव्हापासून साठलेला राग होता, त्याच्या पार्श्वभूमीवर फुकट दाढीसुद्धा उठून दिसली.

उलट निंटेंडो स्विच स्पोर्ट्स घ्या, एप्रिल २०२२ ला ६ खेळ घेऊन आला आणि गोल्फ नोव्हेंबरमध्ये फुकट अपडेट म्हणून. तिथे खेळाडूंच्या बोलण्यात फुकट हा शब्दच येत नव्हता, उरलेलं कधी येणार एवढंच होतं. ६ खेळांत ज्याचा महिन्याभरात जीव रमेनासा झाला त्याला नोव्हेंबरचा गोल्फ दिसलाच नाही.

खरं सांगायचं तर आतून बघितलं की लाँचजवळच्या फुकट डीएलसीचं कारण फार साधं असतं. गेम गोल्ड होतो (विक्रीची प्रत पक्की होते), कन्सोलच्या सर्टिफिकेशनला, म्हणजे कन्सोल कंपनीच्या तपासणीला, जातो, मधले काही आठवडे बग फिक्स करणारे मरत असतात आणि आर्टवाले मोकळे असतात, ते काहीतरी बनवतात, ते बनलेलं पहिलं फुकट डीएलसी होतं. पण हे स्पष्टीकरण तुम्ही १० वेळा दिलंत तरी लोक मानत नाहीत, मी देऊन बघितलंय. त्यापेक्षा जाहीर करायलाच थांबा. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकचं वल्हाला हे डीएलसी डिसेंबर २०२३ मध्ये गेम अवॉर्ड्स या पुरस्कार सोहळ्याच्या रात्री जाहीर झालं आणि ५ दिवसांनी आलं, गेम निघून वर्ष झालेलं, कुणी अपेक्षाही ठेवली नव्हती, चांगलं मोठं होतं आणि फुकट. अपेक्षा वाढायला वेळच मिळाला नाही ना. आम्ही आमचं एक पॅक ७ महिने आधी ट्रेलरसकट जाहीर केलं होतं, त्या ७ महिन्यांत लोकांनी डोक्यात असा काही गेम बांधला की आमचं खरं पॅक बिचारं त्याच्यापुढे उभं राहू शकलं नाही.

तिसरं म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणं. फुकट आणि पेड एकाच दिवशी काढायचं. यात मुळात वाईट काही नाही, टोटल वॉर: वॉरहॅमरवाले पेड पॅकसोबत फुकट पॅक देतात, पॅराडॉक्स कंपनीच्या गेममध्ये पेड एक्स्पान्शनसोबत सगळ्यांसाठी फुकट पॅच येतो, अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये मोठं फुकट २.० आणि सोबत पेड हॅपी होम पॅराडाइज काढलं आणि लोक खूश होते. फक्त पेड न घेता फुकट भाग पूर्ण वापरता आला पाहिजे. फुकट भागात शिरल्यावर तीन ठिकाणी कुलूप दिसलं की तो भाग जाहिरात होतो आणि मग माणूस त्यावर जाहिरातीसारखाच चिडतो.

आता तुमची केस, कारण मला वाटतं तुमचा गोंधळ वरच्या तीनपैकी एकही नाहीये. तुमच्यावर बाकी नव्हती, संशय नव्हता, आमिष नव्हतं. तुम्ही एकाच गाठोड्यात दोन गोष्टी बांधल्यात, भेट आणि बदल. भेट नाकारता येते, नव्या प्रदेशात जायचं नसेल तर कुणी जात नाही. बदल नाकारता येत नाही. ज्याने ८० तास त्या कुऱ्हाडीवर घालवले त्याच्या हातातलं हत्यार एका सकाळी हलकं झालं आणि वर लिहिलं होतं की मजा करा, फुकट आहे.

आमच्याकडे हे भाल्याच्या बाबतीत झालं होतं. भाला खरंच अति जोरात होता, बॉस तीन घावांत पडायचे, डिझायनरला रात्री झोप लागत नव्हती त्या भाल्यापायी, आणि नवीन बॉस भाल्यापुढे टिकणार नाहीत म्हणून पॅकसोबतच नर्फ केला, म्हणजे त्याचा जोर कमी केला. तर्क अगदी बरोबर होता. पण पहिल्या आठवड्याची बहुतेक तिकिटं भाल्याची. तेव्हापासून आमचा नियम आहे की सिंगल प्लेयरमध्ये बॅलन्सचे बदल आणि नवीन सामान यात किमान ३ आठवडे अंतर ठेवायचं, बदल आधी, सामान नंतर. बदलाच्या शिव्या आधी खाऊन झाल्या की सामान येतं तेव्हा वातावरण निवळलेलं असतं. आणि शक्य असेल तर हत्यार कमी करण्याऐवजी नव्या बॉसलाच भाल्याची थोडी सवय लावा. मल्टिप्लेयरमध्ये हा नियम चालत नाही, तिथे एकाचं जोरदार हत्यार म्हणजे दुसऱ्याचा मनस्ताप, तिथे नर्फ करावाच लागतो.

बदलाचेच आणखी दोन भाऊ आहेत, सेव्ह आणि मॉड. सेव्हबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत म्हणून मुद्दाम विचारतोय, जुन्या सेव्हवर टेस्ट केलं होतंत ना? नव्या गेमपासून नव्हे, खऱ्या लोकांच्या ६०-७० तासांच्या सेव्ह घेऊन? आमच्या दुसऱ्या फसलेल्या पॅकमध्ये आम्ही मधल्या चौकात नवीन दरवाजा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना भिंत घातली. गेम संपवलेले बरेच लोक शेवटची सेव्ह नेमकी त्याच चौकात करून बसले होते, ते लोड झाले ते थेट भिंतीच्या आत. म्हणजे ज्यांनी गेम पूर्ण केला, जे सगळ्यात निष्ठावान, त्यांनाच आम्ही दगडात चिणलं. ऑफिसमध्ये कुणालाच दिसलं नव्हतं कारण ऑफिसमध्ये कुणी गेम संपवून चौकात उभं राहत नाही. आता आम्ही प्रत्येक पॅकच्या आधी डिस्कॉर्डवर लोकांकडून ३०-४० जुन्या सेव्ह मागून घेतो, लोक आनंदाने देतात.

मॉडचं तर एप्रिल २०२४ मध्ये फॉलआउट ४ ला झालेलं बघा. गेम २०१५ चा, फुकट नेक्स्ट-जेन अपडेट आलं, आणि पीसीवर लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेले मॉड बंद पडले कारण मॉडना लागणारं स्क्रिप्ट एक्स्टेंडर हे साधन नव्या बिल्डवर (आवृत्तीवर) चालेना. फॉलआउट लंडन नावाचा प्रचंड मोठा मॉड त्याच सुमारास येणार होता, तो लांबला आणि जुलैत आला. फुकट गोष्ट नको म्हणून लोक अपडेट थांबवायच्या युक्त्या एकमेकांना सांगत होते. याउलट स्टारड्यू व्हॅलीचं १.६ मार्च २०२४ मध्ये आलं, तेसुद्धा फुकट, तेसुद्धा आतून बरंच बदललेलं, पण त्यात मॉड बनवणाऱ्यांचं काम सोपं व्हावं म्हणून मुद्दाम बदल केले होते आणि ते आधीपासून सांगितलं होतं. मॉड तिथेही मोडले, पण मोडणार हे माहीत असलेला माणूस आणि सकाळी उठून मोडलेलं सापडलेला माणूस यांच्या रिव्ह्यूत जमीनअस्मानाचा फरक असतो.

यावर स्वस्तातला उपाय असा की स्टीमवर जुनी बिल्ड वेगळ्या ब्रँचवर (नव्याच्या बाजूला ठेवलेली जुनी आवृत्ती) ठेवून द्या, खेळाडूला गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटाच्या यादीतून ती निवडता येते. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ती वापरणारे मोजकेच असतात पण ती आहे हे कळलं की बाकीच्यांचाही आवाज खाली येतो. नवीन प्रदेश वेगळं फुकट डीएलसी म्हणून ठेवलंत तर ज्याला नको त्याला ते बंदही ठेवता येतं, पण तुमच्यासारख्या छोट्या गेममध्ये तेवढी उठाठेव करावी का हे फाईलच्या साइझवर आणि तुमचा प्रोग्रामर किती दमलाय त्यावर आहे.

अजून एक गोष्ट, जी बहुतेक टीम विसरतात आणि आम्हीही दोनदा विसरलो. फुकट पॅकचं ईमेल बघून जो माणूस परत येतो तो १० महिन्यांनी येतोय. डॉज (वार चुकवणं) कुठल्या बटणावर आहे ते तो विसरलाय. तुम्ही नवीन प्रदेश एंडगेमच्या, म्हणजे गेमच्या शेवटापर्यंत पोचलेल्या, लोकांसाठी बनवला, पहिलाच बॉस रोज खेळणाऱ्या टेस्टरच्या बोटांना मापून, आणि हा बिचारा त्याच्यापुढे ११ वेळा मरतो, चिडतो, लिहितो की गेम बिघडवला. बिघडला काहीच नाहीये, त्याचा हात बसलेला नाही एवढंच. आम्ही आता दारातच एक छोटी मोकळी जागा ठेवतो जिथे दोनचार किरकोळ शत्रू असतात, हात बसेपर्यंत. कुणी त्याचं कौतुक करत नाही, फक्त त्या प्रकारच्या तक्रारी येत नाहीत.

इथवरचं थोडक्यात: बाकी असेल तर फुकट पॅक भेट म्हणून विकू नका, लाँचजवळ जाहीर करू नका, भेट आणि बदल एकत्र बांधू नका, आणि जुन्या सेव्हला हात लावण्याआधी ती सेव्ह प्रत्यक्ष उघडून बघा.

रिव्ह्यू कसे वाचायचे याबद्दल. रिसेंट म्हणजे गेले ३० दिवस, त्यामुळे तो शेरा घाबरवतो जास्त आणि टिकतो कमी, महिना सरला की तो काळ गणतीतून जातो. प्रत्येक रिव्ह्यूशेजारी एकूण तास, रिव्ह्यू लिहिताना किती तास झाले होते आणि गेल्या दोन आठवड्यांतले तास दिसतात. निगेटिव्ह रिव्ह्यूंचे तीन ढीग करा. ज्याचे एकूण तास भरपूर आणि दोन आठवड्यांतले जवळजवळ शून्य, त्याने पॅच नोट्स वाचून लिहिलंय, खेळून नाही. ज्याचे दोन आठवड्यांत १० तास आहेत, त्याचा शब्दन् शब्द वाचा, तो तुमचा फुकटचा टेस्टर आहे. आणि तिसरा ढीग नवीन लोकांचा, ते बहुतेक वेळा पॅकबद्दल बोलतच नसतात. भाषेचा फिल्टर पण लावून बघा, आम्हाला एकदा कळेना की एवढे निगेटिव्ह का, नंतर दिसलं की जवळजवळ सगळे एकाच भाषेतले, त्या भाषेच्या फाईलमध्ये नव्या क्वेस्टचा मजकूरच गेला नव्हता, लोक रिकाम्या चौकटींशी बोलत होते.

आणि एक गोष्ट गेमच चालत नसल्याची. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, एप्रिलमध्ये फुकट टायटल अपडेट आलं, नवीन मॉन्स्टर आले, तरी जूनमध्ये पीसीवरचे रिसेंट रिव्ह्यू ओव्हरव्हेल्मिंगली निगेटिव्ह, कारण लोकांची मुख्य तक्रार परफॉर्मन्सची. तुमच्या रिव्ह्यूंमध्ये स्टटर, क्रॅश, फ्रेम असे शब्द बरेच असतील तर वरचं सगळं सोडा आणि पुढचे दोन महिने फक्त तेच करा, कितीही सुंदर प्रदेश बनवलात तरी तो अडखळतच दिसणार.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, पुढचं पेड करावं का. करू शकता, पाप नाही. पण राग आला म्हणून करू नका. मल्टिप्लेयर असता तर मी जवळजवळ नाहीच म्हणालो असतो, पेड मॅपने खेळाडू वाटले जातात, ज्याच्याकडे मॅप आहे त्याला जोडीदार मिळत नाहीत, टायटनफॉलच्या २०१४ च्या पहिल्या भागात सीझन पास होता आणि २०१६ च्या दुसऱ्या भागात त्यांनी मॅप आणि मोड फुकट देऊन टाकले ते उगाच नाही. तुमचं सिंगल प्लेयर आहे, तिथे हा प्रश्न नाही, तिथे हिशेब विक्रीचा आहे. फुकट पॅकचे पैसे जुना खेळाडू देत नाही, पॅकच्या बातमीमुळे आणि विशलिस्टमुळे जो नवीन येतो तो देतो. टेरारिया २०११ ला आला आणि २०२० च्या १.४ पर्यंत एकामागून एक मोठी अपडेट फुकट देत गेला, ते दानधर्म म्हणून नव्हे, दर मोठ्या अपडेटला नवे लोक बेस गेम घेत होते. तुम्ही रिव्ह्यूंचा आलेख टाकलाय, विक्रीचा टाकलेला नाही. त्या ३ दिवसांत किती कॉपी गेल्या? आधीच्या महिन्याच्या कितीपट? ५ महिने तिघांचा खर्च त्यातून निघायची शक्यता दिसते का? नसेल दिसत तर पुढचं पेड करा, किंवा करूच नका, नवीन गेमला लागा. शॉव्हल नाइटवाल्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर २०१३ मध्ये कबूल केलेली फुकट कॅम्पेन (खेळायचे नवे भाग) पूर्ण करायला डिसेंबर २०१९ उजाडलं, गेम २०१४ चा. काम अप्रतिम झालं, लोकांनी डोक्यावर घेतलं, पण तेवढी वर्षं एकाच गेमवर काढायची तुमची तयारी आहे का हे तिघांनी बसून बोला.

पेड केलंत तर मोठी गोष्ट पेड ठेवा आणि छोट्या, सोयीच्या गोष्टी फुकट. नकाशावर खुणा करता येणं, फॉन्ट मोठा करता येणं, बटणं बदलता येणं, असल्यांना पैसे लावलेत तर मी स्वतः येऊन निगेटिव्ह रिव्ह्यू टाकीन.

या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. पहिलं, कुऱ्हाडीचा डॅमेज जुन्या आकड्यावर परत न्या, किंवा निदान जुन्या प्रदेशांत परत न्या. तुमच्या डिझायनरला हे आवडणार नाही, त्याला माझा नंबर देऊ नका. दुसरं, जुनी बिल्ड वेगळ्या ब्रँचवर टाका आणि ती कशी निवडायची ते दोन ओळींत पिन करा. तिसरं, एक पोस्ट लिहा, पण त्यात फुकट हा शब्द एकदाही नको, ५ महिन्यांची मेहनत हा शब्दप्रयोग तर मुळीच नको, काय बदललं, काय परत घेतलं, सेव्हचा प्रश्न कुणाला येतोय आणि त्यांनी फाईल कुठे पाठवायची, एवढंच. निगेटिव्ह रिव्ह्यूंना उत्तर द्यायचं तर दुसऱ्या ढिगाला द्या, एका वाक्यात, ज्या पॅचमध्ये दुरुस्त झालं त्याचा नंबर देऊन. काही जण येऊन रिव्ह्यू बदलतात, बरेच नाही बदलत, मागे लागू नका.

आणि ते तीन ढीग केलेत की प्रत्येकात किती रिव्ह्यू निघाले ते इथे टाका, सोबत विक्रीचे त्या आठवड्याचे आणि आधीच्या ४ आठवड्यांचे आकडे नुसते पटीत सांगितलेत तरी चालेल. दुसऱ्या ढिगात जुन्या सेव्हवाले जास्त निघाले तर माझं कुऱ्हाडीचं निदान चुकलं असं समजा, मग आधी सेव्हकडेच बघावं लागेल.